नर्मदेचा बाण

“नर्मदामाय जो घडाई दे, तोच बाण उचलजो. मानूसना हात लागेल दगड देव्हारामा ठेवजो नको.”

मणी घडवणाऱ्या सलाउद्दीनच्या पडवीत पाय ठेवताच सुंदरबाईला सासूचे, दगूबाईचे, हे बोल आठवले; बाण म्हणजे नदीच्या पाण्यानेच घडलेले शिवलिंग. समोर दोन माणसे दगडांनी भरलेली कातड्याची पिशवी एकमेकांकडे लोटत होती. आत पाणी आणि कुरुंदाची भुकटी. दगडावर दगड घासून गुळगुळीत होत होता. नातवाच्या गळ्यात बांधायला अकीकाचा मणी हवा, म्हणून ती नंदुरबारला आली होती.

सलाउद्दीनने दोन लाल मणी उन्हात धरले. एकातून उजेड आला, तो अकीक. दुसरा मुका राहिला. त्याला गोरे साहेब जास्पर म्हणतात, असे सांगून त्याने सहज विचारले,

“भाभी, भिलाभाऊनी नेयेल तो जास्परना बाण शे ना आजून? मन्हा हातना शे तो. बूड जरासं चपटं ऱ्हाई गयं.”

सुंदरबाईने मणी पदराला बांधला. गाठ काही केल्या बसेना.

मुलगा सुकलाल तान्हा असताना तापाने फणफणला, तेव्हा तिने नवस बोलला होता. नर्मदामाय, पोर वाचले तर तुझ्याकडे पायी येईन, तुझा बाण देव्हाऱ्यात बसवीन. पोर वाचले. त्याला सोडून तिला निघता येईना, म्हणून नवरा गेला. भिला बाण घेऊन परतला तेव्हा तिने त्याचे पाय धुतले आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतले. सातपुड्यातली वाट, वाघाचा माग, सगळे तो दर शिवरात्रीला ओट्यावर बसून सांगे. बायाबापड्या त्याच्या पाया पडत.

इतरांचे बाण ताम्हणात लवंडत. तिचा ताठ बसे. आपल्या नेमाने देव स्थिर झाला, असे ती गावभर सांगत आली होती. त्याला स्नान घातल्याशिवाय तिने कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

घरी येऊन तिने हलक्या आवाजात विचारले. भिला सुतळी वळत होता. त्याने नाकारले नाही. डोंगराची धास्ती वाटली, नंदुरबारातच मिरचीच्या वखारीत पडून राहिलो, म्हणाला. सुतळीवरची नजर काही त्याने उचलली नाही.

“पोऱ्या वाची गया ना? मंग बाण कोठला का ऱ्हायेना.”

सकाळी तिने बाणाला रोजच्यासारखे स्नान घातले. दगडाचा त्यात काय दोष? मग तो फडक्यात गुंडाळला, भाकरी बांधल्या आणि उंबऱ्याबाहेर पडली.

शेजारची धनुबाई अंगण झाडत होती. सुंदरबाई पायी नर्मदेला निघाली हे ऐकून तिचा झाडू थांबला.

“एकली? भिलाभाऊले संगे ली जाय ना. त्यासले वाट माहीत शे.”

भिला दारातच उभा होता. मान खाली घालून.

सुंदरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“त्यासनी वाट येगळी व्हती,” ती म्हणाली, आणि तळोद्याच्या रस्त्याला लागली.