मलम

मालकांच्या मनगटावर काळा फोड आला, तेव्हा त्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेलो. फोड दुखत नव्हता, पण हात कोपरापर्यंत सुजला होता.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटा टोचलाय," मीच सांगून टाकलं. "मलम द्या, होईल बरं."

डॉक्टर मलम लिहून द्यायला लागले, तसे मालक ओरडले, "काटा कसला, गाढवा! डॉक्टर, रोगानं मेलेल्या गुरांची कातडी येतात आमच्या कारखान्यात. हा अँथ्रॅक्स आहे. लगेच अँटिबायोटिक सुरू करा, नाहीतर मी मरेन!"

"तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"



"सांगा ना, मालक," मी म्हणालो. "तुमच्याच कारखान्यात कातडी धुणारी माझी बायको असाच फोड येऊन गेली. दवाखान्यात तिला तुम्हीच नेलं होतंत. आणि काटा टोचला म्हणूनही तुम्हीच सांगितलं होतंत."