चांदभाऊंचं एक वाक्य

धरणगावजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायत निवडणुकीवरच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग होतं. "आपल्या सिनेमात प्रत्येक समाज दिसला पाहिजे," असं म्हणत दिग्दर्शकांनी गाद्या भरणाऱ्या चांदभाऊ पिंजारींना मतदाराचं काम दिलं. वाक्य एकच होतं. चांदभाऊंनी ते दोन दिवस गाद्या शिवता शिवता घोकलं.

"आबा, मी मत तुमलेच देसू!" कॅमेऱ्यासमोर ते सिनेमातल्या सरपंचाला झोकात म्हणाले.

"कट! चाचा, असं नाही. हिंदीत बोला. तुम्ही मुसलमान आहात हे लोकांना कळायला नको का?"

जन्मात कुणी चांदभाऊंना चाचा म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी दिलेली टोपी घातली, डोळ्यांत सुरमा घातला, खांद्यावर चौकड्याचा रुमाल टाकला. हिंदी मात्र काही जमेना. शेवटी सरपंचाचं काम करणारा पुण्याचा हीरोच मदतीला आला. त्याने चांदभाऊंकडून ते हिंदी वाक्य घोटून घेतलं, आणि बदल्यात चांदभाऊंनी त्याला सरपंचाच्या तोंडी शोभेल अशी आपली खान्देशी पंधरा दिवस बसून शिकवली.

सिनेमा जळगावला लागला. चांदभाऊ जमीलावहिनींना घेऊन पहिल्याच शोला गेले. पडद्यावर त्यांचं वाक्य आलं आणि गेलंही. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं.



वहिनी अजून नवऱ्याची वाट पाहत, पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तो सरपंच ते बठ्ठा तुमनामायकच बोलस. पन तुमनं काम कव्हय येस?"