कच्चं फळ

"आवाज वाढवू काय?" विजयाकाकूंनी विचारलं आणि हर्षानं मान हलवली. फोनमधले मास्तर हिंदीत बीजगणित शिकवत होते आणि ती त्यांचा शब्दन् शब्द टिपून घेत होती.

सेक्टर ६ मधल्या काकूंच्या क्वार्टरमध्ये रोज दुपारी हा वर्ग भरायचा. ओपन स्कूलची दहावी. पुस्तकं मिळाली होती, पण गणित काही नुसत्या पुस्तकातून डोक्यात शिरत नाही, आणि वर्ग सगळे नेटवर. "लग्नापायी राहून गेली, काकू," एवढंच हर्षानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. काकूंनी पुढं एक प्रश्न विचारला नाही. कूलरसमोरची खुर्ची दिली, हातात फोन दिला, वर चहा. अशी माणसं भेटायला नशीब लागतं, बापा! हर्षा रोज निघताना त्यांच्या पाया पडायची आणि काकू रोज रागवायच्या.

घरी हे जमणारं नव्हतं. हर्षाचं सासर निर्मळ मंडळाचं. मंडळाची दीक्षा ज्यानं घेतली त्यानं नेटचा फोन हातात धरायचा नाही, पडद्याकडे पाहायचं नाही, त्यातला आवाजही ऐकायचा नाही. हर्षाची दीक्षा अजून व्हायची होती, म्हणून ती तेवढी मोकळी. पण फोन घरात आणायची तिलाही मनाई. दीक्षा झाली, की वर्ग संपला.

आणि सासू कोण, तर भीमाबाई! मंडळातल्या बायकांची पुढारी, नेमाला खडक. मंडळात पोथी मुखानं शिकायची रीत, एकीनं सांगायचं आणि दुसरीनं ऐकून म्हणायचं. भीमाबाईंना अख्खी पोथी तशीच पाठ. एकदा कानावर पडलं, की दगडावरची रेघ. तरी यंदा 'पोथी वाचाले' म्हणून त्यांनी नवा चष्मा करून घेतला. उतारवयातली हौस, दुसरं काय!

हर्षाचा नवरा कमलेश प्लांटमधून थकून यायचा आणि आडवा व्हायचा. बायको काकूंकडे शिवण शिकते, एवढंच त्याला ठाऊक. भीमाबाई मात्र सून उंबऱ्यात आली रे आली, की तिला सैपाकघरात बसवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. भिंतीपल्याडच्या मोनाला हर्षाचा आवाज येतच नसे. यायचा तो सासूचा दरडावणीचा सूर. "परत सांग. नीट सांग. काई गाळू नको."

"लय छळते व तुले म्हातारी," मोना एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली.

"नाई व," हर्षा म्हणाली. "मले टायफॉइड झाला तवा महिनाभर आपल्या हातानं पेज पाजली त्याइनं. माहेरचं कोणी आलं नाई, त्या उशाशी बसून राहिल्या. कसं विसरू मी?"

मोनाला वाटलं, पोरगी अगदीच गरीब गाय आहे.

चैत्रात परीक्षा होती, आणि नेमकं त्याआधी मंडळाचे प्रमुख भैय्याजी यांनी सभेत विषय काढला. सून येऊन दोन वर्षं झाली, येत्या पौर्णिमेला तिची दीक्षा उरकून टाकू. हर्षाच्या पायाखालची जमीन सरकली. भूमिती अख्खी बाकी होती. पौर्णिमेला दीक्षा म्हणजे इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात. तिनं सासूकडे पाहिलं.

भीमाबाई उठल्या. "भैय्याजी, सून माझी अजून कच्ची हाय," त्या म्हणाल्या. "कच्चं फळ देवाले चढवत नाईत. दिवाळीनंतर पाहू."

सगळ्या बायका वळून हर्षाकडे पाहू लागल्या. चारचौघींत सुनेची अशी शोभा! हर्षानं पदर तोंडाशी दाबून धरला. तिचे खांदे गदगदा हलत होते. बाजूला बसलेल्या मोनाचेच डोळे भरून आले.

पण पौर्णिमा टळली. भूमिती पुरी झाली आणि शेवटच्या वर्गाला विजयाकाकूंनी दही-साखर हातावर ठेवली. हर्षाला रडू आवरेना. "तुमचे उपकार कसे फेडू, काकू?" ती म्हणाली. काकू म्हणाल्या, पास झाल्याचे पेढे आण, बस्स.

परीक्षेच्या सकाळी कमलेश पहिल्या पाळीला गेला. हर्षानं स्कूटी बाहेर काढली, तर दारात भीमाबाई उभ्या. धुतलेलं लुगडं, नवा चष्मा, चेहरा दगडासारखा.

"कमलेशले सांगितलं काय?" भीमाबाईंनी विचारलं.

"नाई, आई. कोणालेच नाई सांगितलं."

"मग चाल. मी मांगं बसतो."

मोहन नगरच्या शाळेपर्यंत भीमाबाईंनी सुनेचा खांदा इतका घट्ट धरला होता, की हर्षाला स्कूटी वळवणं मुश्किल झालं.

फाटकासमोर उतरल्यावर तो हात खांद्यावरून निघाला आणि हर्षाच्या डोक्यावर आला.

"सभेत तुले कच्ची म्हणलं," भीमाबाई म्हणाल्या. "लोकाईनं तुले नावं ठेवली. मनात ठेवू नको, पोरी."

"तुम्ही पाजलेली पेज मनात हाय, आई. दुसरं काईच नाई."

इतक्यात फाटकावरच्या शिपायानं दोघींना हटकलं, "परीक्षा देनेवाली अंदर, साथवाली बाहर."

हर्षा बाजूला झाली. तिनं सासूच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा नीट बसवला.

"प्रमेय परत सांगू काय, आई?"

"नाई. पाठ हाय," भीमाबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या हातातला पेन घेऊन आत गेल्या.