कडीचा प्रश्न

“मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी कधी बसणार, हे माननीय मंत्री सांगतील काय?”

एवढं विचारून विरोधी पक्षनेता ऋजुता खाली बसली. कर्जतच्या त्या कॉलेजात तृतीय वर्ष राज्यशास्त्राची अभिरूप संसद चालू होती, वीस गुणांची. आसावरी मॅडमनी सगळ्यांना परराष्ट्र धोरणावरचे प्रश्न वाटून दिले होते. ऋजुतानं आपला कागद परस्पर बदलला होता.

परराष्ट्रमंत्री सिद्धांत उठला. त्याचं एकच उत्तर पाठ होतं.

“अध्यक्ष महाराज, शेजाऱ्यांशी आमचे संबंध सलोख्याचे आहेत.”

शेजारी मुलांचं स्वच्छतागृह होतं. हशा पिकला.

मागच्या बाकावर, ‘प्रेक्षक’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या जागी, प्राचार्य गोपाळकृष्ण सर बसले होते. सर मूळचे मानसशास्त्राचे. कुठल्याही कार्यक्रमात पाच मिनिटांच्या वर ते गप्प बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज सतरा मिनिटं झाली होती. ते उठले.

“एक मिनिट. कडीचं असं आहे, की मानसशास्त्र सांगतं, तक्रार करणाऱ्याला मुळात...”

“खाली बसा,” अध्यक्ष म्हणाल्या.

अध्यक्ष म्हणजे आवडी, कडाव गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली. मंत्रिपदं मुलांनी आधीच वाटून घेतली होती. अध्यक्षाला नुसतं ‘शांतता राखा’ म्हणायचं असतं, म्हणून ती खुर्ची वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या आवडीकडे आली. मॅडमनी दिलेली नियमांची पुस्तिका मात्र चोवीस जणांत तिनं एकटीनंच वाचली होती. रोज वाडीवर चालत जाता जाता, चार चार पानं.

“आवडी, बाळ, मी प्राचार्य आहे,” सर समजुतीनं म्हणाले.

“प्रेक्षकांना सभागृहात बोलता येत नाही. नियम आहे, सर.”

काय करावं सुचेना, तेव्हा ती उभी राहिली. अध्यक्ष उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचं, हाही नियमच. मंत्री बसले, विरोधक बसले, मध्ये पडायला उठलेल्या आसावरी मॅडमही बसल्या. सर तेवढे उभे.

“ह्या वागण्याला मानसशास्त्रात...”

“मार्शल,” आवडी म्हणाली, “यांना बाहेर न्या.”

मार्शल म्हणजे दशरथ, कॉलेजचा शिपाई. उंच आहे, खाकी कपडे आहेत, म्हणून मॅडमनी त्याच्या खांद्यावरून लाल पट्टा बांधून त्याला दाराशी ठेवलं होतं. नुसतं उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं. मुलीच्या लग्नासाठी टाकलेला त्याचा रजेचा अर्ज सोमवारपासून सरांच्या टेबलावर पडून होता. त्यानं आवडीकडे बघितलं. सरांकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं, तर मॅडम पंख्याकडे बघत होत्या. मग तो सावकाश चालत मागच्या बाकापर्यंत गेला.

“चला, साहेब.”

“दशरथ! तुला पगार कोण देतं?”

“पगार सरकार देतंय, साहेब.” त्यानं समोरच्या बाकांकडे हात केला. “आन् सरकार आज तिकडं बसलंय.”

सरकारनं मान खाली घातली. सर बाहेर गेले.

व्हरांड्यात येऊन दोघं थांबले.

“आता काय करायचं?” सरांनी विचारलं.

“म्हाईत नाय, साहेब. बाहेर न्या, येवढंच सांगितलंय.”

आतून बाकं वाजवल्याचा आवाज आला. सर म्हणाले, “ते दार दाखव बघू.”

दशरथनं लांबूनच, कुणी आहे का आत, अशी हाक मारली. कुणी नव्हतं. कडीच्या जागी चार भोकं होती. सरांनी दार लोटलं, ते आपणहून उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं.

“पोरी दोघी दोघी येतात, साहेब. एक आत, एक दाराशी.”

“कधीपासून?”

“तुमी साहेब झाला त्याच्या आधीपासनं.”

“मग कडी आणली का नाही कुणी?”

“आणली की. दोन वर्सं झाली. कपाटात हाय. तुमची सही पायजे म्हणून बसवली नाय.”

सरांनी खिशातलं पेन काढलं. “आणखी कशावर राहिलीय सही?”

“माज्या रजेवर बी, साहेब.”

अधिवेशन संपवून सगळे बाहेर आले, तेव्हा दशरथ लाल पट्ट्यासकट दारापाशी वाकून स्क्रू पिळत होता आणि प्राचार्य तळहातावर उरलेले तीन स्क्रू घेऊन उभे होते. मुलं जागच्या जागी थबकली. आसावरी मॅडम पुढे झाल्या. “सर, मी तिला समजावते...” सरांनी मोकळ्या हातानं त्यांना थांबवलं आणि आवडीला जवळ बोलावलं.

“आता आत यायला परवानगी आहे का मला?”

खुर्चीवरून उतरल्यावर आवडीची पुस्तकी भाषाही उतरली होती. “नाय सर. आजच्या दिवसापुरतं काढलंय तुमाला.”

“उद्या?”

“उद्या या.”

“उद्या माझा मानसशास्त्राचा तास आहे. त्यात बोललो तर चालेल ना?”

मागे कुणीतरी हसू दाबलं. आवडीनं मात्र मनापासून विचार केला.

“बोला की, सर,” ती म्हणाली. “तुमच्या तासाला कोन प्रश्न इचारत नाय.”