सहा गाण्यांची ढोलकी

"हा न्हाई. ह्याच्यात थाप मारली की पत्र्यावर खडा पडल्यावानी वाजतंय," केशरबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसरा टेपही बाजूला सारला.

परभणीच्या रेडिओच्या दुकानात त्या सकाळपासून ठाण मांडून होत्या. प्रत्येक टेपात कोरी कॅसेट घालायला लावायच्या, काउंटरच्या फळीवर दोन्ही हातांनी ठेका धरायच्या, मग कान लावून ऐकायच्या. दुकानदार रंगनाथ बेजार झाला होता.

"मावशी, तुमाला नेमकं करायचं काय हाय?"

"ढोलकी भरून घ्यायचीय. नुसती ढोलकी. तिच्यासंगं घरी गाता आलं पायजे."

"मग दोन टेप लागतेत. एक ढोलकी ऐकवायला, अन् दुसरा तुमचं गाणं भरायला."

"माझा आवाज मला ठावा हाय. एकच दाखव. सेलवर चालणारा. आमच्या चुडाव्यात लाईट पाव्हण्यावानी येती."

रंगनाथने खालच्या फळीवरून एक साधा टेप काढला. त्याला माईक वेगळा होता. केशरबाईंनी तो हातभर लांब ठेवला, थाप मारली आणि ऐकली. ह्या खेपेला घुमारा आला.

"हा बांध. अन् ह्यात भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या टेपात चालती का?"

"कुठंबी चालती. पर एक सांगतो मावशी, वाजवणारा माणूस गाणाऱ्यासाठी थांबतो. हे मशीन थांबत न्हाई."

"बरंच हाय की मग," केशरबाई म्हणाल्या.

चुडाव्याच्या जयंतीत पहिलं गाणं वीस वर्षं केशरबाईंचं होतं. मागच्या साली त्या मंचावर उभ्या राहिल्या, पहिलं कडवं उचललं, आणि त्यांचा ढोलकीवाला मुंजाजी ढोलकी काखेत मारून उठला. भर मांडवातून चालत गेला आणि पूर्णेच्या सुमनबाईच्या गायनपार्टीत जाऊन बसला. सुमनबाईनं हसत सरकून त्याला जागा दिली. सगळं आधीच ठरलेलं होतं. केशरबाई तालाविना उभ्या राहिल्या. लोक हसले, लेकरंही हसली. पहिलं गाणं सुमनबाईनं म्हटलं.

तेव्हापासून केशरबाईंचं एकच चालू होतं, "औंदा ढोलकीवाल्याबिगर गाऊन दावते. त्या दोघांची तोंडं बघायला या."

फाल्गुनात त्यांनी मुंजाजीलाच घरी बोलावलं. तो आला. कुणी मानानं बोलावलं की न जाणं त्याला जमायचंच नाही. टेप बघून त्यानं नाक मुरडलं.

"एवढीशी डबी? सुमनबाईच्या भाच्यानं औरंगाबादहून आणलाय, ट्रंकेएवढा."

"आसंल बाबा. आमची ऐपत एवढीच."

केशरबाईंच्या तोंडून असं बोलणं चुडाव्यात कुणी ऐकलं नव्हतं. मुंजाजीनं ऐकलं आणि फुगला.

"म्हंजी माझ्याबिगर गायचं, अन् तेबी माझ्याच ढोलकीवर?"

"तुझ्यासारखा हात जिल्ह्यात दुसरा हाय का?"

"तेबी खरंच. भरा की. औंदा दोन्ही पार्ट्यांत मुंजाजीच वाजंल! कोणती गाणी?"

"जयंतीची. सगळे म्हणतेत ती सहा."

मुंजाजीनं ढोलकी मांडीवर घेतली, शाई चाचपली. "जागा ठेवू का? सुमनबाईला दर कडव्यामागं दम खावा लागतो. मी तेवढ्यात दोन फेरे जास्ती घुमवतो. लोकाला वाटतंय, वा, काय हात हाय! तिची कसर झाकून जाती."

"माझा दम शाबूत हाय. सरळ वाजव. अन् ठेका चढा ठेव."

त्यानं जीव ओतून वाजवलं. जाताना चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "बाई, चुकल्या तर डबीला शिव्या देऊ नका."

केशरबाईंनी कपबशी उचलली.

मग रोज दिवस कलला की त्यांच्या घरातून ढोलकी ऐकू यायची आणि तिच्यावर त्यांचा खडा आवाज. येता-जाता बायका थांबायच्या. म्हातारी औंदा मांडव हलवणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. जयंतीच्या आठ दिवस आधी घर गप झालं. गळा जपायलीय, लोक म्हणाले.

जयंतीला केशरबाई पांढरं कडक लुगडं नेसून आल्या आणि बायकांच्या सतरंजीवर, मंचासमोर बसल्या. हात रिकामे होते.

थोड्या वेळानं मुंजाजी आला आणि सतरंजीच्या कडेला टेकला. ढोलकी अजून खोळीतच होती.

"तू खाली कसा रे?"

"सुमनबाई म्हणल्या, तुझे नखरे लय झाले. औंदा तुझी गरज न्हाई." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "तुमचा टेप कुठंय, बाई?"

"घरी."

मंचावर सुमनबाईनं ट्रंकेएवढ्या टेपासमोर भोंग्याचा माईक ठेवला आणि बटण दाबलं. ढोलकी कडाडली. मुंजाजीची मान ताठ झाली. स्वतःची थाप माणसाला लांबून ओळखू येते.

पहिलं कडवं बरं गेलं. कडवं संपलं आणि ढोलकी तशीच पुढं निघाली. सुमनबाई अजून दम घेत होती. तिनं धावत ओळ पकडली, अर्धी सुटली. पुढची गाठायला गेली तर तीही निसटली. माणसाकडं बघावं तसं तिनं वळून टेपाकडं पाहिलं. मांडवात मागून एक जण हसला, मग दहा.

"ही कॅसेट तर तुमच्यापाशी होती!" मुंजाजी म्हणाला.

"होती. पूर्णेला जाऊन सुमनच्या हातात दिली. म्हणलं, माझा गळा गेला, बाई, आता तूच गा. लय गोड वाटलं तिला. म्हणली, पाठचीच गाणी, तालीम कशाला."

मुंजाजी ढोलकीची खोळ सोडत अर्धा उठला. "मी जातो वर. सावरतो तिला."

केशरबाईंनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बस खाली, मुंजाजी. अजून पाच हायत."