सगळं सोबत

चिकटपट्टी टर्रकन फाटली आणि कॅनडातल्या रेजायना शहरातल्या त्या दोन खोल्यांची शांतता मोडली. कॉलीनने खोक्यातून नवा मॅक बाहेर काढला. जुना विंडोजवाला लॅपटॉप नवऱ्यानेच, डेरेकनेच, लावून दिलेला. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, सारं त्याला घरबसल्या कळायचं. तिच्या अंगावरचे वळ आत्ता कुठे फिके होत होते, आणि हा पत्ता त्याला ठाऊक नव्हता.

"जुन्यातलं सगळं इकडे आणायचं का?" नव्या स्क्रीनने विचारलं.

"आई, माझे वाढदिवसाचे फोटो आण हं! नाहीतर कट्टी," आठ वर्षांची टेस गळ्यात पडली. कितीतरी दिवसांनी कॉलीन हसली आणि तिने 'हो' दाबलं.

फोटो आले, आणि त्यांच्यासोबत डेरेकने स्वतःशी जोडून ठेवलेला सामायिक अल्बमही. टेसने लगेच नव्या लॅपटॉपसमोर उभं राहून स्वतःचा एक नवा फोटो काढला आणि त्या अल्बममध्येच टाकून दिला.

दोन मिनिटांत त्याखाली डेरेकची ओळ उमटली: "मागचे पिवळे पडदे छान आहेत."



"आई, पडद्यांच्या फटीतून माझ्या शाळेची पाटीपण दिसली असेल का गं बाबांना?"