एकसारख्या बरण्या

तिसऱ्या पोत्याचं तोंड लेकीने सुतळीने आवळलं आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. कमरेचा पार काटा ढिला झाला होता. पण स्वयंपाकघर कसं, लख्ख! आईला मावशीकडे धाडून गेले चार दिवस ती एकटीच राबत होती.

राबायला कारणही तसंच होतं. रविवारी दादा येणार होता. आईला एकटीला आता घर झेपत नाही, तिला आपल्याकडे नेऊ आणि हे घर बंद करू, असं त्याने फोनवर जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. आईला काही जायचं नव्हतं. पण दादाचं चूक तरी कसं म्हणायचं? पसारा होताच तसा. पॅसेजच्या वळणावर शिलाई मशीन, येणाऱ्याजाणाऱ्याने ठेचकाळावं म्हणूनच ठेवल्यासारखं. कपाटाच्या कोपऱ्यावर कायमचा लटकलेला जुना टॉवेल. आणि ओट्यावरचे डबे? एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. एका बाटलीला रबरबँड गुंडाळलेले, एक डबा पोचा आलेला, एकाचं झाकण हरवलं म्हणून त्यावर बशी. त्यातलं काही हलवायला गेलं की आई अंगावर यायची. राहू दे म्हणजे राहू दे.

लेक औषधांच्या गोदामाची मॅनेजर. तिथे एक खोकं इकडचं तिकडे झालं तरी ती सगळ्यांना फैलावर घ्यायची. आई तिला लाडाने इन्स्पेक्टर म्हणायची. कामाच्या रामरगाड्यात इन्स्पेक्टरबाईंचं घरी येणं व्हायचं ते उभ्या उभ्या. या वेळी मात्र तिने रजा काढली, काचेच्या एकसारख्या बरण्या आणल्या, प्रत्येकीवर सुबक छापील चिठ्ठी लावली आणि सगळ्या एका ओळीत मांडल्या. मशीन आतल्या खोलीत गेलं. जुने डबे आणि टॉवेल भंगारवाल्यासाठी पोत्यात. आता दादाने येऊन बघावंच, आईला घर झेपतं की नाही.

संध्याकाळी आई आली, मावशी तिला दारापर्यंत सोडून गेली. दारातच आईने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. पूर्वी आई अशी लाड करणारी नव्हती. वय झालं की माणूस मऊ होतं, असं लेकीला वाटलं. "अगं, धूळ आहे तोंडाला," म्हणत तिने आईचे हात बाजूला केले आणि तिला ओढतच आत नेलं.

आई ओट्यापाशी जरा वेळ उभी राहिली. छान झालंय म्हणाली. मग म्हणाली, प्रवासाने दमलेय, चहा तूच टाक.

दुसऱ्या दिवशीचा चहाही लेकीनेच केला. स्वयंपाकही तिनेच. आई खुर्चीतून हलेना. एकदा आत जायला उठली तर कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून घेतलं, आणि वर म्हणाली, भोवळ आली. लेकीच्या लक्षात आलं, ही रुसलीय. आता बोला! जिच्यासाठी एवढा जीव काढला तीच फुगून बसलीय. लेकीला खरोखर रडू आलं. रविवारी आई अशीच बसून राहिली तर दादा तिला घेऊनच जाणार, यात शंका नव्हती.

शनिवारी सकाळी लेक अंघोळ करून बाहेर आली तर आई ओट्यापाशी. सगळ्या बरण्यांची झाकणं उघडी. आई एकेका बरणीत बोट घालत होती आणि जिभेला लावून बघत होती.

"आई, चिठ्ठ्या लावल्यात ना. वाच की."

आईचा हात बरणीतच थांबला. "वाचता आलं असतं तर तुला चहाला लावलं असतं का?"

मग आईने सगळं सांगितलं, बरण्यांकडे तोंड करूनच. एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याला उजेड आणि सावल्या, बस. फक्त मावशीला ठाऊक होतं. तिच्याबरोबर दवाखाने करून झाले होते. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रबरबँड म्हणजे साखर. पोचा म्हणजे मीठ. बशी म्हणजे चहा. मशीनला हात लागला की वळायचं. आणि टॉवेल कपाळासाठी.

दादाला का नाही सांगितलं, लेकीने विचारलं.

"तो चांगलाच आहे गं. पण त्याच्या घरी गेले की मी आंधळी. इथे नाही."

लेकीने आधी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. पोती अजून जिन्याखालीच होती, नशीब. मग आई सांगत गेली आणि लेक मांडत गेली. शेवटी आईने ओट्यावरून हात फिरवला आणि पोचा आलेला डबा जरासा डावीकडे सरकवला. इन्स्पेक्टरने मुकाट्याने बघून घेतलं. दादाने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं मात्र तिने बजावलं.

रविवारी दादा आला. ओट्याकडे बघून म्हणाला, इतके दिवस झोपा काढल्यास का? लेक म्हणाली, सगळं जागच्या जागी आहे. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ट्रेमध्ये थेंबही सांडला नव्हता. दादाने पुन्हा अर्धा कप मागून घेतला. नेण्याचा विषय त्याने काढला, पण त्यात जोर नव्हता. पुढे बघू म्हणाला आणि गेला. डोळ्यांचं त्याने विचारलंच नाही.

मग लेकही निघाली. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. दारात आईचे हात वर आले. लेकीने हातातली बॅग खाली ठेवली, चष्मा काढला, चेहरा पुढे केला आणि आईचं बघून होईपर्यंत ती हलली नाही.